‘जसे ते, तसे आम्ही’ : एका उपमेची मर्यादा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठी समीक्षेचा परिचय आता जुना झाला आहे. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर ह्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले, जनार्दन वाघमारे यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. पुढे दलित साहित्य आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना हा विद्यापीठीय संशोधनाचा रुळलेला विषय झाला. ह्या तुलनेत जेम्स बाल्डविन (१९२४–१९८७) हे नाव हमखास येते. परंतु जो बाल्डविन येतो तो वर्णभेदावर लिहिणारा निबंधकार. तो समलिंगी होता, आणि ‘जिओव्हानीज रूम’ (१९५६), ‘अनदर कंट्री’ (१९६२), ‘जस्ट अबव्ह माय हेड’ (१९७९) ह्या कादंबऱ्यांत पुरुषापुरुषांमधील प्रेम हा गाभ्याचा विषय आहे, ह्याची नोंद सहसा एखाद्या वाक्यात उरकली जाते. पुष्कळदा तीही होत नाही. अर्धा बाल्डविन वाचण्याची ही सवय एकट्या मराठीची नाही. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांच्या चळवळीने त्याचा एक अर्धा भाग घेतला आणि समलिंगी चळवळीने दुसरा. असे का झाले, ह्याचे उत्तर त्या दोन चळवळींनी एकमेकींशी जोडलेल्या नात्यात शोधावे लागते.

ह्या दुभंगाचा पहिला पुरावा बाल्डविनच्या लेखनातच मिळतो. ‘जिओव्हानीज रूम’चा निवेदक डेव्हिड हा गोरा अमेरिकन तरुण. पॅरिसमध्ये जिओव्हानी नावाच्या इटालियन तरुणाशी त्याचे प्रेम जुळते. ते स्वीकारण्याचे धैर्य नसल्यामुळे तो त्याला सोडून जातो, आणि जिओव्हानीची अखेर गिलोटीनखाली होते. संपूर्ण कादंबरीत कृष्णवर्णीय पात्र एकही नाही. हार्लेममध्ये वाढलेल्या, ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ (१९५३) ह्या कादंबरीने कृष्णवर्णीयांचा कादंबरीकार म्हणून मान्यता पावलेल्या लेखकाची ही पुढची कृती. आधीच्या प्रकाशकाने ती नाकारली. समलिंगी प्रेम आणि वर्णाचा प्रश्न ही दोन ओझी एकाच पुस्तकात पेलणे त्या वेळी शक्य नव्हते, असे बाल्डविनने नंतर सांगितले आहे. हे वरवर एका लेखकाच्या तंत्राविषयीचे विधान वाटते. वस्तुतः त्या काळाच्या सार्वजनिक भाषेत कृष्णवर्णीय समलिंगी माणसाला उभे राहण्यास जागाच नव्हती, हे त्यातून कळते.

ही जागा नंतरच्या समलिंगी चळवळीने करून द्यायला हवी होती. तसे सहजासहजी घडले नाही, आणि त्याचे एक कारण चळवळीच्या अलंकारात आहे. अमेरिकेतील समलिंगी चळवळ सुरुवातीपासून एका उपमेवर उभी राहिली : जसे कृष्णवर्णीय, तसे आम्ही. फ्रँक कॅमेनीने १९६८ साली चळवळीला जी घोषणा दिली, ती ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’च्या धर्तीवर ‘गे इज गुड’ अशी होती. अल्पसंख्य समाज, नागरी हक्क, मोर्चे, धरणे, स्वतःच्या ओळखीचा अभिमान ही सारी परिभाषा कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आलेली आहे. उसनवारीत गैर काही नाही. दलित पँथरनेही ती केली. पण उपमेचे शास्त्र भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला ठाऊक असते. मम्मटाच्या व्याख्येप्रमाणे उपमेत साधर्म्य असावे लागते, आणि ज्या दोहोंमध्ये ते असते ती दोन परस्परांहून भिन्न असावी लागतात. भेदाशिवाय उपमा संभवत नाही. ‘जसे कृष्णवर्णीय, तसे समलिंगी’ असे म्हणताच उपमेय एका बाजूला राहते आणि उपमान दुसऱ्या बाजूला. मग कृष्णवर्णीय सारे स्त्रीपुरुषसंबंधांत रमणारे ठरतात आणि समलिंगी सारे गोरे ठरतात. जो दोन्ही आहे, त्याला ह्या वाक्यात स्थान मिळत नाही. (त्याची तुलना त्याच्याशीच करावी, तर तो अनन्वय होईल.) सहानुभूतीने उच्चारलेल्या वाक्यातूनच माणसे वगळली जातात, ही ह्या प्रकरणातील खरी अडचण आहे.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागातील स्टोनवॉल ह्या मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली आणि प्रतिकाराचा भडका उडाला. नंतर स्थापन झालेल्या ‘गे लिबरेशन फ्रंट’ने व्हिएतनामविरोधी लढा, स्त्रीमुक्ती आणि ब्लॅक पँथर यांच्याशी उघड नाते जोडले. पँथरना पाठिंबा व पैसा द्यावा की नाही, ह्यावरून संघटनेत कडाक्याचे वाद झाले. समलिंगींच्या प्रश्नाखेरीज अन्य कशात पडू नये असे मानणारा गट फुटला आणि डिसेंबर १९६९ मध्ये त्याने ‘गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स’ ही वेगळी संघटना काढली. एका प्रश्नावर एकाग्र होण्याचे लाभ होते, आणि ह्या संघटनेने काम पुष्कळ केले, हे मान्यच करावे लागेल. पण ‘एकच प्रश्न’ असणे ही चैन कोणाला परवडते? ज्याला घर, नोकरी, पोलीस यांपैकी कशातही वर्णामुळे अडथळा येत नाही, त्याच्याच आयुष्यात समलिंगी असणे हा एकमेव प्रश्न राहू शकतो. बाल्डविनने १९८४ च्या एका मुलाखतीत नेमके हेच सुचवले : गोऱ्या समलिंगी माणसाला आपण फसवलो गेलो असे वाटते, कारण ज्या समाजात सुरक्षितता आपला जन्मसिद्ध वाटा आहे असे तो धरून चालला होता, त्यानेच त्याला बाहेर ठेवलेले असते. कृष्णवर्णीयाने असे काही गृहीत धरलेलेच नसते.

ऑड्री लॉर्ड (१९३४–१९९२) हिच्या ‘झामी’ (१९८२) ह्या आत्मकथनात्मक ग्रंथात ह्याचा सर्वांत बोलका दाखला आहे. लॉर्डचे आईवडील कॅरिबियन बेटांवरून न्यूयॉर्कला आलेले; ‘झामी’ हा शब्दही कॅरियाकू बेटावरचा, एकमेकींच्या मैत्रिणी आणि प्रेयसी असलेल्या, बरोबरीने राबणाऱ्या बायकांसाठी वापरला जाणारा. १९५० च्या दशकात व्हिलेजमधील समलिंगी स्त्रियांच्या एका मद्यगृहात ती गोऱ्या मैत्रिणींबरोबर जात असे. दारावरचा माणूस वयाचा दाखला मागे तो फक्त तिच्याकडे, आणि ती तर बरोबरच्या मुलींहून मोठी होती. कारण सगळ्यांना कळत होते. ते बोलून दाखवणे मात्र अशक्य होते, कारण समलिंगी माणसे वर्णभेद पाळतच नाहीत असे ठरलेले होते. ज्यांनी स्वतः जुलूम सोसला ती जुलूम कसा करतील? लॉर्डच्या उपरोधाची धार येथे आहे. ‘जसे ते, तसे आम्ही’ हे वाक्य दाराशी येऊन असे उलटते : आम्ही त्यांच्यासारखेच सोसलेले असल्यामुळे आमच्याकडून त्यांच्यावर अन्याय होणे संभवत नाही. १९७० च्या दशकात निरनिराळ्या शहरांतील गोऱ्या समलिंगींच्या मद्यगृहांवर हाच आरोप झाला : कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाकडे एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रे मागायची. कोठे बहिष्कार पुकारले गेले, कोठे निदर्शने झाली. मद्यगृहाचे दार हा क्षुल्लक विषय वाटू शकतो. परंतु ज्यांना एकत्र येण्यास दुसरी जागाच नव्हती, त्यांच्या दृष्टीने ते सभागृहाचेही दार होते.

दुसऱ्या बाजूचे चित्र उजळ होते असे मात्र मुळीच नाही, आणि ह्या बाबतीत मराठी अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या चळवळीविषयीचा भाबडेपणा सोडणे आवश्यक आहे. बेयर्ड रस्टिन (१९१२–१९८७) ह्याचे उदाहरण पुरेसे आहे. गांधीमार्गाचा अभ्यास करण्यासाठी तो १९४८ साली भारतात येऊन गेला होता. माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारात मार्टिन ल्यूथर किंगला अहिंसक प्रतिकाराच्या तंत्राचा सल्ला देणाऱ्यांत तो प्रमुख होता. १९५३ साली समलिंगी वर्तनाबद्दल त्याला कॅलिफोर्नियात अटक झाली होती. १९६० मध्ये हार्लेमचे प्रतिनिधित्व करणाऱ्या एका कृष्णवर्णीय पुढाऱ्याने रस्टिन आणि किंग यांच्याविषयी खोटी वदंता उठवण्याची धमकी दिली, आणि रस्टिनला किंगच्या संघटनेतून बाजूला व्हावे लागले. तीन वर्षांनी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, सुमारे अडीच लाख माणसे वॉशिंग्टनला जमली तो मोर्चा त्यानेच उभा केला. पण संचालक म्हणून नाव ए. फिलिप रँडॉल्फ यांचे होते, रस्टिन उपसंचालक. मोर्चाच्या तोंडावर वर्णभेदाचा पुरस्कर्ता असलेल्या स्ट्रॉम थर्मंडने सिनेटमध्ये रस्टिनच्या अटकेचा पाढा वाचला. ह्या वेळी मात्र रँडॉल्फ त्याच्या पाठीशी ठाम उभे राहिले. वंशद्वेष्ट्या शत्रूने केलेल्या हल्ल्यामुळे जी पाठराखण झाली, ती घरातून झालेल्या हल्ल्याच्या वेळी झाली नव्हती, ही गोष्ट विसरता येत नाही.

वाङ्मयाच्या क्षेत्रात ह्याचाच प्रतिध्वनी एल्ड्रिज क्लीव्हरच्या ‘सोल ऑन आइस’ (१९६८) मध्ये उमटला. क्लीव्हर हा पँथरांचा नामवंत लेखक. समलिंगी असणे हा त्याने रोग मानला आणि बाल्डविनच्या लेखनात कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष असल्याचा निवाडा दिला. पौरुषाची पुनःस्थापना म्हणजेच मुक्ती, हे त्यामागचे गृहीतक. मराठीत ह्या पुस्तकाचा उल्लेख विद्रोही गद्याचा नमुना म्हणून झाला आहे. त्यातील बाल्डविनवरील प्रकरणाचा समाचार घेतला गेल्याचे क्वचितच आढळते. आणि तरीही त्याच पँथर संघटनेच्या ह्युई न्यूटनने १५ ऑगस्ट १९७० रोजी स्त्रीमुक्ती व समलिंगी मुक्ती ह्या चळवळींविषयी जे निवेदन केले, ते त्या काळातील डाव्या पुढाऱ्यांत अपवादभूत म्हणावे लागेल. समलिंगी माणसे कदाचित समाजातील सर्वांत अधिक दडपलेली असतील, त्यांच्याविषयीची शिवीगाळ आपल्या तोंडातून गेली पाहिजे, आणि आपल्याला वाटणारी भीती आपल्याच असुरक्षिततेतून आलेली आहे, असे त्याने सहकाऱ्यांना सांगितले. पुढच्याच महिन्यात पँथरांनी फिलाडेल्फियात भरवलेल्या अधिवेशनात समलिंगी चळवळीचे लोक सहभागी झाले. ही युती फार टिकली नाही. तिचे मोल टिकण्यावर मोजू नये. आपल्याच घरातील भीतीचा उच्चार एका पुढाऱ्याने जाहीरपणे केला, ह्यावर मोजावे.

ह्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उत्तर दिले ते बॉस्टनमधील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका लहान गटाने. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’चे नाव दक्षिण कॅरोलायनातील नदीवरून घेतलेले आहे, १८६३ साली हॅरिएट टबमनच्या नेतृत्वाखाली तेथे झालेल्या चढाईत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले होते. बार्बरा स्मिथ, बेव्हर्ली स्मिथ आणि डेमिटा फ्रेझिअर ह्या त्याच्या निवेदनाच्या लेखिका. एप्रिल १९७७ च्या ह्या निवेदनात वर्ण, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांवरील दडपशाही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्या क्रमाने सोडवता येत नाहीत, असे मांडले आहे. ‘आयडेंटिटी पॉलिटिक्स’ हा आज स्वस्त झालेला शब्दप्रयोग रूढ झाला तो ह्याच निवेदनामुळे. त्याचे टीकाकार आणि कित्येक समर्थकही एक गोष्ट विसरतात : ह्या स्त्रिया स्वतः समलिंगी असूनही पुरुषांपासून संपूर्ण फारकत घेण्याचा, तेव्हा गोऱ्या समलिंगी स्त्रीवाद्यांत लोकप्रिय असलेला मार्ग त्यांनी नाकारला. वर्णाच्या लढ्यात आपल्या पुरुषांबरोबर राहायचे, आणि लिंगभेदाबद्दल त्याच पुरुषांशी भांडायचे, अशी त्यांची दुहेरी भूमिका होती. अस्मितेचे राजकारण म्हणजे कुंपण घालणे, हा समज ह्या निवेदनाच्या एका वाचनाने दूर व्हावा.

त्या भूमिकेची कसोटी लवकरच लागली. १९७९ च्या पहिल्या काही महिन्यांत बॉस्टनमध्ये बारा कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून झाले. निषेधाच्या सभांत वक्ते बोलत ते वर्णाविषयी. स्त्रियांनी घराबाहेर एकटे पडू नये आणि पुरुषांनी त्यांचे रक्षण करावे, असा उपदेशही होई. मारल्या गेल्या त्या सगळ्या स्त्रियाच होत्या, ह्याचा अर्थ कोणी लावत नव्हते. कॉम्बाहीने एक पत्रक काढले. मृतांची संख्या त्याच्या मथळ्यातच होती, आणि नवा खून झाला की जुना आकडा खोडून नवा घालावा लागे. हे खून वर्णद्वेषाचे आणि स्त्रीद्वेषाचे एकत्रित फळ आहेत, असे त्यात म्हटले होते, आणि स्वसंरक्षणाच्या व्यावहारिक सूचनाही दिल्या होत्या. ह्या पत्रकाभोवती कृष्णवर्णीय वस्तीतील रहिवासी, गोऱ्या स्त्रीवादी आणि समलिंगी स्त्रिया एकत्र आल्या. येथे कोणीही ‘आम्ही तुमच्यासारख्याच’ असे म्हणण्याची गरज नव्हती. उपमेखेरीज एकजूट होऊ शकते, ह्याचे त्या दशकातील हे ठळक उदाहरण ठरावे.

वॉशिंग्टनच्या मोर्चाच्या विसाव्या स्मरणदिनी, २७ ऑगस्ट १९८३ रोजी, ऑड्री लॉर्डला व्यासपीठावर जागा मिळाली. संयोजकांपैकी एकाने समलिंगी वक्ता नको अशी भूमिका आधी घेतली होती. कृष्णवर्णीय समलिंगी कार्यकर्त्यांनी त्याच्या कार्यालयात ठाण मांडले, त्यांना अटक झाली, आणि मग तडजोड झाली. लॉर्डला मिळाली जेमतेम तीन मिनिटे. मूळ मोर्चा ज्याने उभा केला त्या रस्टिनच्या हयातीतली ही गोष्ट.

ह्यानंतरची पिढी एड्सच्या छायेत लिहू लागली. अमेरिकेत १९८६ पर्यंत नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे २५ टक्के कृष्णवर्णीय होते, लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्के असताना. तरी ह्या रोगाचा सार्वजनिक चेहरा दीर्घकाळ गोरा राहिला. १९८६ साली जोसेफ बीमने ‘इन द लाइफ’ हा कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा संग्रह संपादित केला. दुसऱ्या संग्रहाचे काम चालू असता, १९८८ मध्ये, तो एड्सने गेला. कवी एसेक्स हेम्फिलने तो ‘ब्रदर टू ब्रदर’ ह्या नावाने १९९१ मध्ये पुरा केला. १९९५ मध्ये तोही त्याच रोगाला बळी पडला. ह्या संग्रहाच्या प्रस्तावनेत हेम्फिलने रॉबर्ट मॅपलथॉर्प ह्या गोऱ्या समलिंगी छायाचित्रकाराने काढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या चित्रांवर टीका केली. सूट घातलेल्या एका पुरुषाच्या प्रसिद्ध चित्रात शरीर आहे, डोके चौकटीबाहेर ठेवलेले आहे. हा माणूस नाही, केवळ अवयव आहे, असे हेम्फिलचे म्हणणे. ह्यातील पेच असा, की त्याच सुमारास, १९८९ मध्ये, सिनेटर जेसी हेल्म्सने मॅपलथॉर्पच्या चित्रांवर अश्लीलतेचे आक्रमण सुरू केले होते. अशा वेळी टीका करावी की गप्प बसावे? कोबेना मर्सर ह्या कृष्णवर्णीय समीक्षकाने १९८६ मधील आपली कठोर टीका १९८९ मध्ये फेरतपासली. ह्या चित्रांकडे आपणही आकर्षणाने पाहतो, हे त्याने मान्य केले. हेम्फिलने मात्र १९९० मध्ये समलिंगी लेखकांच्या परिषदेत आपला आक्षेप पुन्हा मांडला आणि श्रोत्यांपैकी काहींचा रोष पत्करला. दोघांपैकी मर्सरचे विवेचन अधिक सूक्ष्म आहे. हेम्फिलचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. शत्रू दारात असताना घरातील अन्याय बोलू नये, ही आज्ञा नेहमी दुबळ्यालाच पाळावी लागते, हे त्याने ओळखले होते.

ह्या आज्ञेची दुसरी बाजू २००८ साली दिसली. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणारा ‘प्रस्ताव आठ’ नोव्हेंबरमध्ये मंजूर होताच, मतदानोत्तर चाचणीतील ७० टक्क्यांचा आकडा घेऊन पराभवाचे खापर कृष्णवर्णीय मतदारांवर फोडले गेले. नंतरच्या विश्लेषणात हा आकडा सुमारे ५८ टक्के ठरला, आणि त्यातील बराचसा फरक चर्चला नियमित जाण्याने स्पष्ट होतो असे दिसले. तोवर निदर्शनांत गेलेल्या काही कृष्णवर्णीय समलिंगींनाच शिव्या खाव्या लागल्या होत्या. उपमेत ज्याला जागा नाही, त्याला गर्दीतही ओळखले गेले नाही.

वर्णाचा मुद्दा काढल्याने चळवळ दुभंगते, हा आक्षेप अमेरिकेत वारंवार घेतला गेला आहे. वरील इतिहास त्याला आधार देत नाही. दुभंग मद्यगृहाच्या दारात, संघटनेच्या जमाखर्चात आणि व्यासपीठाच्या वाटणीत आधीच होता; लॉर्ड, स्मिथ, हेम्फिल यांनी तो लिहून काढला. आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनीच युती करण्याचे कष्ट अधिक केले, हेही दुर्लक्षिता येत नाही.

मराठी तुलनाकारांना ह्याचे अगत्य असण्याचे कारण उघड आहे. दलित आणि कृष्णवर्णीय यांची तुलना हीही शेवटी उपमाच आहे, आणि तिच्यातही उपमेय-उपमानांच्या फटीत काही माणसे हरवतात. स्त्रिया कशा हरवल्या होत्या, हे ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) ह्या ग्रंथाने दाखवले. समलिंगी दलित लेखकाच्या अनुभवाला ही तुलना कोठे ठेवणार, हा प्रश्न प्रबंधांतून अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढल्यानंतर तो टाळण्यास कायद्याची सबबही उरलेली नाही.

आरंभ ‘अनदर कंट्री’पासून करता येईल. १९५६ मध्ये जी दोन ओझी वेगळी ठेवली, ती बाल्डविनने येथे एकत्र उचलली. रूफस स्कॉट हा कृष्णवर्णीय ढोलवादक कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणाअखेर पुलावरून उडी टाकून मरतो. उरलेली कादंबरी त्याच्या, बहुतांशी गोऱ्या, मित्रांची आहे. त्यांपैकी व्हिवाल्डो हा त्याचा जिवलग. आपण दोघे सारखेच, वर्ण आपल्यामध्ये येत नाही, अशी त्याची समजूत. पुष्कळ उशिरा, एरिकशी बोलताना, तो एका रात्रीची आठवण सांगतो : रूफसला त्या रात्री कोणीतरी जवळ घ्यायला हवे होते, ते आपल्याला कळले होते, आणि आपण भ्यालो. ती भीती कशाची होती, पुरुषाला जवळ घेण्याची की कृष्णवर्णीयाला, हे कादंबरी वेगळे करून सांगत नाही.